चूक कोणाच्या माथी? ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग आणि यूएक्स रिसर्च यांचे नाते

माझी मावशी ७१ वर्षांची आहे आणि गेली ११ वर्षे ती सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेते. गेल्या पावसाळ्यात तिची साखर एकाएकी वाढली आणि आठवडा उलटला तरी उतरेना, म्हणून तिला दवाखान्यात नेले. तिथे पहिला प्रश्न आला, "गोड बंद आहे ना?" आणि दुसरा, "इंजेक्शन चुकवत नाही ना?" मावशीचा चेहरा पडला, कारण तिने गोडही खाल्ले नव्हते आणि एकही इंजेक्शन चुकवले नव्हते. उलगडा झाला तो तिथल्या नर्सबाईंनी तिच्या पिशवीतली सिरिंज बाहेर काढून पाहिली तेव्हा. सिरिंजचे टोपण नारिंगी होते. मावशीच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज लागते.

हा रंगांचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात. एकीत प्रत्येक मिलिलिटरमागे ४० युनिट इन्सुलिन असते, दुसरीत १०० युनिट. सिरिंजवरच्या रेघा मिलिलिटर दाखवत नाहीत, थेट युनिट दाखवतात. त्यामुळे ज्या तीव्रतेचे औषध, त्याच मापाची सिरिंज असावी लागते. ४० च्या सिरिंजला लाल टोपण असते, १०० च्या सिरिंजला नारिंगी. मावशीला २० युनिट घ्यायचे होते. तिच्या नेहमीच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर औषध येते. मुलाने दुसऱ्या गावाहून आणलेल्या नव्या सिरिंजमध्ये त्याच २० च्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर आले, म्हणजे ४० च्या बाटलीतले अवघे ८ युनिट. रेघ बरोबर, आकडा बरोबर, हातही बरोबर, आणि डोस निम्म्याहून कमी. हेच उलटे घडले असते, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गाठ पडली असती, तर २० च्या जागी ५० युनिट शरीरात गेले असते आणि साखर इतकी घसरली असती की जिवावर बेतले असते.

घरी आल्यावर चूक कोणाची यावर बरीच बोलाचाली झाली. मुलाने पाहून आणायला हवे होते, दुकानदाराने विचारायला हवे होते, मावशीने टोपणाकडे लक्ष द्यायला हवे होते. हे सारे खरे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही, कारण उद्या दुसऱ्या घरातला दुसरा मुलगा तीच सिरिंज घेऊन येईल. 'लक्ष द्यायला हवे होते' या वाक्यापाशी थांबायला जे शास्त्र तयार नसते, त्याचे नाव ह्यूमन फॅक्टर्स इंजिनिअरिंग. माणसाची नजर, हात, स्मरणशक्ती, अवधान आणि थकवा यांच्या मर्यादा मोजायच्या आणि यंत्रे, उपकरणे, वेष्टने, सूचना व कामाच्या पद्धती त्या मर्यादांना धरून घडवायच्या, हे त्याचे काम. युरोपात याच विद्याशाखेला अर्गोनॉमिक्स म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याला पाठ न दुखवणारी खुर्ची आठवते. खुर्ची त्यात येतेच, पण विमानाची कळ, अणुभट्टीच्या नियंत्रणकक्षातला दिवा आणि औषधाच्या बाटलीवरचे लेबल हेही त्यातच येते.

या शास्त्राची जडणघडण मुख्यतः दुसऱ्या महायुद्धात झाली. अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानांच्या बाबतीत एक चमत्कारिक प्रकार वारंवार घडत असे. विमान धावपट्टीवर सुखरूप टेकायचे आणि त्यानंतर वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, मिटण्याऐवजी चाकेच आत घ्यायचा, की विमान पोटावर बसायचे. चौकशीअंती 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडायचा. अल्फोन्स शपॅनिस हे तरुण मानसशास्त्रज्ञ तेव्हा ओहायोतील राइट फील्ड येथील हवाई दलाच्या वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांनी वैमानिकांना दोष देण्याआधी कॉकपिट पाहिले. चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला व हाताला जवळपास सारख्याच लागत होत्या. ज्या मालवाहू विमानांत या दोन कळा वेगळ्या होत्या, तिथे हा अपघात आढळत नव्हता. शपॅनिस यांनी सुचवलेला उपाय अगदी साधा होता: चाकांच्या कळीच्या टोकाला छोटे रबरी चाक बसवायचे आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. वैमानिकाची नजर बाहेर धावपट्टीवर असली तरी त्याच्या बोटांना आपण काय धरले आहे ते कळले. आजही प्रवासी विमानांसाठीच्या अमेरिकी नियमांत चाकांच्या कळीची मूठ चाकाच्या आकाराची आणि फ्लॅपची मूठ पंखाच्या आकाराची असावी असे बंधन आहे.

१९४७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या ४६० प्रसंगांचा अभ्यास मांडला. कळा आणि दांडे चालवताना झालेल्या या चुका होत्या, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरी वापरली गेल्याच्या होत्या. मला या अभ्यासाची पद्धत विशेष वाटते. त्यांनी वैमानिकांना 'तुमचे काय चुकले' असे धारेवर धरले नाही. काय घडले, त्या क्षणी तुम्ही काय पाहत होता, हात कुठे गेला, एवढेच सविस्तर सांगायला लावले आणि मग वेगवेगळ्या माणसांच्या हकिगतींत तीच ती चूक पुन्हा पुन्हा कशी येते ते दाखवले. शेकडो माणसे एकाच जागी अडखळत असतील, तर तपासायला हवी ती जागा.

हा दृष्टिकोन आता शब्दयोजनेतही उतरला आहे. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६२३६६ मध्ये, 'यूजर एरर' हा शब्द टाळून 'यूज एरर' हा शब्द योजला आहे. पहिल्याचा अर्थ वापरणाऱ्याची चूक, दुसऱ्याचा अर्थ वापरात घडलेली चूक. एवढ्याशा फरकाने चौकशीची दिशाच बदलते. मावशीच्या बाबतीत पहिला शब्द तिला खजील करतो. दुसरा शब्द बाटली, सिरिंज, दुकान आणि स्वयंपाकघर या सगळ्यांना चौकशीच्या कक्षेत आणतो.

आता यूएक्स रिसर्चकडे वळू. यूएक्स म्हणजे यूजर एक्सपीरियन्स, एखादी वस्तू किंवा सेवा वापरताना माणसाला येणारा सगळा अनुभव. तो समजून घेण्यासाठी लोकांच्या घरी किंवा कामाच्या जागी जाणे, मुलाखती घेणे, त्यांना एखादे ॲप वापरायला देऊन कुठे अडतात ते पाहणे, हे यूएक्स रिसर्चचे काम. मी हेच काम करते, आणि आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचा असा समज दिसतो की हे सारे मोबाइल आणि इंटरनेटबरोबर जन्माला आले. प्रत्यक्षात हे घराणे जुने आहे.

त्याचा एक धागा थेट फिट्स यांच्यापर्यंत जातो. १९५४ मध्ये त्यांनी एक नियम मांडला: एखाद्या जागेवर हात नेऊन टेकवायला लागणारा वेळ त्या जागेच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो; जागा जितकी दूर आणि लहान, तितका वेळ जास्त. १९७८ मध्ये स्टुअर्ट कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात माऊस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा माऊसचा वेग त्यांनी याच नियमाने समजावून दिला. विमानाच्या दांड्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत ही वाट अशी सरळ आली आहे. फोनवर 'पैसे पाठवा' हे बटण मोठे आणि अंगठ्याच्या टप्प्यात ठेवले जाते, त्यामागे हाच नियम उभा असतो.

दुसरा धागा एका अपघातातून निघतो. २८ मार्च १९७९ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या अणुभट्टीत दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि ती पुन्हा बंद झालीच नाही. नियंत्रणकक्षातला दिवा मात्र झडप बंद असल्याचे सुचवत होता. तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवत नव्हता. बंद होण्याचा विद्युत आदेश झडपेकडे गेला आहे एवढेच दाखवत होता. आदेश गेला होता, झडप उघडीच होती. शंभराहून अधिक इशारे जवळपास एकाच वेळी वाजू लागलेल्या त्या खोलीत कर्मचाऱ्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीतले थंड करणारे पाणी त्या वाटेने निघून गेले. या केंद्राच्या तपासासाठी ज्या तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले, त्यांत डॉन नॉर्मन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. हेच नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले आणि त्यांनी आपल्या पदाच्या नावात 'यूजर एक्सपीरियन्स' हे शब्द घेतले; तिथून ते शब्द सर्वत्र रूढ झाले. ज्या नावाने आज आम्ही नोकऱ्या करतो, ते रूढ करणारा माणूस असा अणुभट्टीच्या नियंत्रणकक्षातून आलेला आहे.

दिवा आदेश दाखवतो की परिणाम, हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे. मतदान यंत्राच्या बाह्यरचनेचे काम पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधील प्राध्यापकांनी केले. निळे बटण दाबले की त्या नावापुढचा लाल दिवा लागतो आणि लांब आवाज होतो. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही आपले बटण दाबले गेल्याचे समजते. पुढे जोडलेल्या व्हीव्हीपॅट यंत्रात छापलेली चिठ्ठी ७ सेकंद काचेमागे दिसते. दिवा बटण दाबल्याचे सांगतो, चिठ्ठी काय छापले गेले ते सांगते. या यंत्रांवरचा राजकीय वाद हा वेगळा विषय आहे; इथे फक्त या दोन प्रकारच्या उत्तरांमधला फरक पाहावा.

घराणे एक असले तरी दोन्ही क्षेत्रांचे रोजचे काम सारखे नाही, आणि फरक सर्वाधिक दिसतो तो 'किती चुका चालतील' या प्रश्नावर. एखाद्या खरेदीच्या ॲपमध्ये १०० पैकी ९७ लोकांना पत्ता नीट भरता आला तर आम्ही समाधानाने पुढच्या कामाला लागतो. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये १०० पैकी ९७ लोकांनी बरोबर डोस घेतला तर उरलेले तिघे हाच सगळा विषय असतो. यूएक्स रिसर्चमध्ये बहुतेकांचा अनुभव कसा आहे, त्यांना काय आवडते, ते पुन्हा येतील का, हे विचारले जाते. ह्यूमन फॅक्टर्समध्ये विचारतात की सर्वांत वाईट दिवशी, अपुऱ्या उजेडात, थकलेल्या माणसाचा हात कुठे घसरेल आणि घसरला तर काय होईल.

चाचणीसाठी किती माणसे बोलवायची, या प्रश्नाचे उत्तरही यामुळे बदलते. आमच्या क्षेत्रात 'पाच जण पुरे' असे म्हणण्याची पद्धत आहे. तिच्यामागे जेकब नील्सन आणि टॉमस लँडावर या संशोधकांचे १९९३ मधले गणित आहे: एखादी अडचण एका व्यक्तीच्या चाचणीत दिसण्याची शक्यता सरासरी ३१ टक्के धरली, तर पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हे गणित चुकीचे नाही, पण ते ठळक अडचणींचे आहे. आता २० पैकी एकाच माणसाच्या हातून घडणारी चूक घ्या. पाच जणांच्या चाचणीत ती एकदाही दिसण्याची शक्यता जेमतेम २३ टक्के आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात अंतिम चाचणीसाठी प्रत्येक वापरकर्ता-गटातून किमान १५ जण सांगितले आहेत. पण १५ जणांतही ही चूक दिसण्याची शक्यता सुमारे ५४ टक्केच भरते. म्हणून ह्यूमन फॅक्टर्सचे लोक केवळ चाचणीच्या भरवशावर राहत नाहीत. ते आधी कामाचे बारीक तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्यात काय चुकू शकते आणि त्याचा परिणाम किती गंभीर आहे याची यादी करतात, पूर्वी घडलेल्या दुर्घटनांच्या नोंदी त्या यादीशी ताडून पाहतात, आणि ज्या पायऱ्यांवरची चूक जीव घेऊ शकते त्या पायऱ्या आधी सुधारतात. चाचणी त्यानंतर येते.

चाचणीची रीतही वेगळी असते. यूएक्सच्या चाचणीत आम्ही समोरच्याला म्हणतो, "करता करता मनात काय चाललंय ते बोलत राहा." त्यामुळे गोंधळ नेमका कुठे होतो ते ऐकू येते. वैद्यकीय उपकरणाच्या अंतिम चाचणीत हे टाळतात, कारण बोलत काम करणारा माणूस एरवीपेक्षा सावकाश आणि सावधपणे काम करतो. तिथे माणसाला एकट्याला, घरच्यासारख्या वातावरणात, मदतीविना काम करू देतात. शिकवणी दिली असेल तर मध्ये काही वेळ जाऊ देतात, म्हणजे विसरायचे ते विसरून होते. झालेल्या चुकांबरोबर थोडक्यात टळलेल्या चुकाही नोंदवतात आणि काम संपल्यावर शांतपणे विचारतात की त्या वेळी तुम्हाला काय वाटले.

पण सगळी शिकवण एकाच बाजूने येत नाही. खऱ्या घरात जाऊन खऱ्या माणसाजवळ बसण्याची जी सवय यूएक्स रिसर्चने लावून घेतली आहे, तिच्यावाचून कामाचे तुकडे पाडणाऱ्याची यादी कागदावरच राहते. मावशीच्या प्रकरणानंतर मी दोन दिवस तिच्याकडे राहिले आणि तिची इन्सुलिनची वेळ चार वेळा पाहिली. ती फ्रिजच्या दारातून बाटली काढते, तळव्यांत हलकेच फिरवते, ओट्यावर ठेवते. मग पाकीट फोडून सिरिंज काढते, सुईवरचे टोपण उपसते आणि ओट्याच्या कोपऱ्यात टाकते. सिरिंज खिडकीकडे धरून, चष्मा कपाळावर सारून, एक डोळा बारीक करून ती २० ची रेघ शोधते. त्या क्षणी टोपण सिरिंजवर नसतेच. ज्या रंगावर सगळी सुरक्षितता सोपवली आहे, तो रंग माप घेण्याच्या वेळी ओट्याच्या कोपऱ्यात, बहुधा चहाच्या गाळण्यामागे पडलेला असतो. सिरिंजच्या नळीवर तीव्रतेचा आकडा छापलेला होता, पण तो इतका बारीक की तिला चष्मा लावूनही वाचता आला नाही. मी तिला विचारले, "मावशी, टोपणाचा रंग बघतेस का गं?" ती म्हणाली, "टोपण काय, ते टाकूनच द्यायचं असतं ना."

तिचे हे उत्तर एखाद्या अहवालात जशास तसे छापावे असे आहे. ते ऐकल्यावर 'टोपणाचा रंग तपासा' असा फलक लावण्यात अर्थ उरत नाही. धोका कमी करण्याच्या उपायांची एक उतरंड या क्षेत्रात सर्वमान्य आहे: शक्य असेल तर रचनाच अशी करायची की धोका उरणार नाही, ते जमत नसेल तर मध्ये अडसर घालायचा, आणि सूचना, लेबल, शिकवणी यांचा आधार सर्वांत शेवटी घ्यायचा, कारण तो सर्वांत दुबळा असतो. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतो आणि भिंतीवर कागद चिकटवून मोकळे होतो. इन्सुलिनच्या बाबतीत वरच्या पायरीचा उपाय माहीत नाही असे नाही. ब्रिटनने १९८३ मध्ये वेगवेगळ्या तीव्रता बंद करून १०० युनिटची एकच तीव्रता देशभर रूढ केली; ज्या घरात दुसरी बाटली आणि दुसरी सिरिंज येऊच शकत नाही, तिथे त्यांची चुकीची जोडी जमत नाही. इन्सुलिनचे पेन हा दुसरा मार्ग, कारण त्यात औषध आणि माप एकत्रच येतात, पण ते महाग पडते आणि मावशीसारख्या अनेकांची गाडी बाटली-सिरिंजवरच चालते.

आमच्या आवाक्यात जे होते ते आम्ही केले. बाटलीच्या मापाच्या सिरिंजचा एक अख्खा खोका आणून ठेवला आणि नारिंगी टोपणाची उरलेली पाकिटे घराबाहेर काढली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाखाली सिरिंजचे मापही लिहून घेतले, आणि 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायला सांगितले. त्यासाठीचे इंग्रजी 'यू' हे अक्षर घाईत लिहिले तर शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात, ही जगभर नोंदली गेलेली चूक आहे. मावशीच्या घरापुरता प्रश्न मिटला. औषधाच्या दुकानात जाऊन कोणी नुसते "इन्सुलिनची सिरिंज द्या" म्हटले, तर लाल टोपणाची मिळेल की नारिंगी, हे मात्र अजूनही काउंटरमागे कोणता खोका हाताशी आहे यावर ठरू शकते.